कोपरे घासलेलं भविष्य

मराठीत ‘उद्याचं’ काही विकायचं असलं, की अक्षरं चौकोनी होतात. स्टार्टअपची पाटी, विज्ञानकथेचं मुखपृष्ठ, महोत्सवाचं पोस्टर, सगळीकडे तोच प्रकार. तंजावूरच्या राजवाड्यात, सरस्वती महाल ग्रंथालयात मराठीच्या जुन्या मोडी लिपीतले कागद पाहिल्यापासून तर हा चौकोन माझ्या डोक्यातच जातो.

या पंथातलं सर्वांत प्रामाणिक काम म्हणजे इंडियन टाइप फाउंड्रीचा २०१४चा ‘राजधानी’ फॉन्ट. अरुंद बांधा, गोलाईच्या बाजू ताठ. मोठ्या शीर्षकात तो रुबाबात उभा राहतो. खरा ताप त्याच्या नकलाकारांचा. ट, ढ, द यांची कूस एकसारखीच गोल; ओळख पटते ती शेपटीवरून आणि गाठीवरून. कूस चौकोनी करून शेपूट छाटली, की तिघं एकाच आईची लेकरं दिसतात. ‘वाऱ्यावर’ या शब्दातल्या ऱ्याचे हाल तर विचारूच नका. ‘पॉपिन्स’ या फॉन्टची वर्तुळं नीटनेटकी आहेत, ऑफिसला शोभतात, पुढे चला. रोमन अक्षरांवर शिरोरेघ ठोकून केलेल्या सिनेमाच्या नावांबद्दल न बोललेलंच बरं.

धाडस पाहायचं तर ‘एक टाइप’ या फाउंड्रीचा ‘मोदक’ पाहा. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी अक्षराच्या पोटातली पोकळी जवळजवळ बुजवली, नुसत्या चिरा ठेवल्या. तरी अक्षर वाचता येतं, कारण माझ्या मते त्या चिरांना हाताचं वळण ठाऊक आहे. इथे भूमिती अक्षरातून उगवते, बाहेरून लादली जात नाही.

आणि लादलेलं ते भविष्य तरी कुणाचं? टाइपरचनाकार अल्दो नोव्हारेसेचा चौकोनी ‘युरोस्टाइल’ फॉन्ट १९६२चा. साठ वर्षांपूर्वीच्या इटलीचं स्वप्न आम्ही आज नवं म्हणून मिरवतो! आपल्याकडे मात्र मराठा राजे सरफोजी यांच्या काळात याच तंजावुरात भोसल्यांचं वंशचरित्र बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर देवनागरीत कोरलं गेलं (१८०३), दफ्तर मोडीत चाललं आणि देवनागरी छापखानाही उभा राहिला. छिन्नी, बोरू, खिळा: प्रत्येक हत्याराने आपापलं रूप घडवलं. आजचं हत्यार वेक्टरचं. त्याला कसलीही वक्ररेषा जड नाही, तरी आम्ही चौकटीला चिकटून.

उलट मोडी पाहा: आधी पानभर शिरोरेघ ओढायची, मग हात शक्यतो न उचलता अक्षरं तिला लटकवत जायचं. स्वर जोडला की काही व्यंजनं रूपच बदलतात. शेजार पाहून रूप बदलण्याची हीच सोय ओपनटाइप या फॉन्ट-तंत्रात आहे. मोडी युनिकोडमध्ये आली तीही ‘राजधानी’च्याच वर्षी, २०१४ला. सुलेखनकार अच्युत पालव यांनी मोडीचं वळण कॅलिग्राफीत केव्हाच खेळवलं. मग त्यातून निघालेला, भिंतभर पोस्टर पेलणारा देवनागरी टाइप कुठे आहे? ‘वाचायला अवघड जाईल’ हे उत्तर मला ऐकवू नका. तुमचे ट आणि ढ तरी कुठे वाचता येतात? पुढचा फॉन्ट काढायला बसाल, तेव्हा आधी तंजावूरच्या दफ्तराची छायाचित्रं मागवा. युरोस्टाइल मागाहून उघडा.