अंगणातली अभिरुची

दिवाळी तोंडावर आली की आमच्या गल्लीत मातीला भाव येतो. सहामाहीचा शेवटचा पेपर देऊन मुले घरी येतात, दप्तर टाकतात आणि थेट विटांचे तुकडे व जुनी गोणपाटे शोधायला पळतात. दोन दिवसांत दारोदार किल्ले उभे राहतात. दगडविटांचा डोंगर रचायचा, त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट पसरायचे, वरून अळीव किंवा मोहरी पेरायची आणि हिरवळ उगवली की चित्रे मांडायची. महाराज सिंहासनावर बसतात, मावळे बुरुजांवर चढतात, पायथ्याच्या विहिरीवर एक बाई पाणी शेंदत असते. गुहेतला वाघ महादरवाजाच्या दुप्पट उंच असतो. खालच्या रस्त्यावर हात आडवा केलेला वाहतूक पोलीस उभा असतो.

हे पाहायला थोरामोठ्यांची रीघ लागते. पण शिवकाळात वाहतूक पोलीस कुठून आला, असे कोणी विचारत नाही. उलट वाघ दिसला नाही तर, “अरे, वाघ कुठाय?” अशी चौकशी होते. आणि हेच रसिक गृहस्थ एखाद्या बंगल्यावरून जाताना आत सिमेंटचे हरिण, सिमेंटच्या अळंब्या आणि लाल टोपीचा हसरा बुटका पाहतात तेव्हा नाक मुरडून म्हणतात, “काय ही अभिरुची!” असे म्हणणाऱ्यांत मीही होते. मुलाच्या हातून झाले की कौतुक आणि थोराने केले की हसे, हा न्याय कोणत्या शास्त्रातला, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला आणि त्याचे उत्तर मला खडूने लिहून द्यावे लागले.

त्याचे असे झाले. सातारा जिल्ह्यात आमचे जुने घर आहे. तिथे माझे थोरले काका राहतात. एस. टी.च्या आगारात त्यांनी यांत्रिक म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर अंगणात शिल्पे करायला घेतली. आता घरात दोन मोटारी आल्या. त्या उभ्या करायला जागा हवी, म्हणून अंगणाला फरशी घालायचे ठरले. काकांच्या शिल्पांपैकी काय ठेवायचे आणि काय काढायचे, यावर भावंडांत वाद झाला. शेवटी धाकटा चुलतभाऊ म्हणाला, “ताई, तू मासिकांतून लिहितेस, शाळेत शिकवतेस. चांगलं काय नि टाकाऊ काय ते तूच सांग. काढायचं त्याच्यावर खडूनं फुली मार.” काका ओसरीवर बसले होते. ते काही बोलले नाहीत.

समीक्षकाला असा प्रसंग सहसा येत नाही. आपण एखाद्या कादंबरीवर फुली मारतो. पण ती दुकानात, वाचनालयात शिल्लक राहते. इथे माझ्या फुलीमागोमाग हातोडा येणार होता.

तेव्हा आधी एखादी कसोटी हवी. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये क्षेमेंद्र नावाचा पंडित होऊन गेला. त्याने ‘औचित्यविचारचर्चा’ या ग्रंथात सांगितले, की औचित्य हा काव्याचा प्राण आहे. अलंकार कितीही मोलाचा असो, कमरपट्टा गळ्यात घातला तर लोक हसणारच. ही कसोटी घेऊन मी अंगणात उतरले आणि पहिल्यांदा तुळशीवृंदावनापाशी थांबले.

वृंदावन हे आपल्या अंगणातले सर्वांत जुने शिल्प. पण ते शिल्प आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही, इतके ते जागेवर असते. दारासमोर उभे. पणती ठेवायला बाईला फार वाकावे लागू नये इतकी उंची. वारा लागू नये म्हणून दिव्याला कोनाडा. भोवती प्रदक्षिणा घालता येईल इतकी मोकळी जागा. वर माती, मातीत झाड. नक्षी आहे ती या सगळ्याला सांभाळून आहे. कार्तिकात त्याला रंग द्यायचा, ऊस बांधायचा, चिंचा-आवळे ठेवायचे आणि तुळशीचे लग्न लावायचे. दरसाल रंगाचा एक थर चढतो आणि कोरीव रेघा थोड्या बुजतात. पण त्याची खंत कोणाला वाटत नाही. त्याला फुली मारायचा प्रश्नच नव्हता.

त्याच्या पलीकडे काकांचा वाघ. सिमेंटचा, बसलेला, मान एका बाजूला वळवलेली. डोळ्यांच्या जागी भंगारातल्या इंडिकेटरच्या पिवळ्या काचा. सायंकाळचे ऊन त्यांवर पडले की वाघ आत्ता डावीकडे वळणार असे वाटते. तोंड रागीट करायचे होते, ते झाले आहे ओशाळे. क्षेमेंद्राची कसोटी लावली तर वाघ नापास होतो. वृंदावनाशेजारी वाघाचे काम काय? पण तसे म्हटले तर किल्ल्यावरच्या वाहतूक पोलिसाचे तरी काय काम? म्हणजे औचित्य बाहेरच्या जगाशी ताडून पाहायचे नसते. त्या त्या खेळाचा एक कायदा असतो, त्याच्याशी ते ताडायचे. मुलांच्या किल्ल्याचा कायदा हा, की घरात जेवढी चित्रे आहेत तेवढ्या सर्वांना जागा मिळाली पाहिजे. काकांच्या अंगणाचा कायदा हा, की फेकून दिलेल्या वस्तूला पुन्हा एकदा काम मिळाले पाहिजे. बशांच्या तुकड्यांची कोंबडी आहे, तिची पिल्ले कपांच्या तळांची आहेत. जुन्या नळाचा एक माणूस आहे, तो जाईच्या वेलाला पाणी पाजतो. कायदा एकच असल्यामुळे ही मंडळी एका कुटुंबातली दिसतात.

हाच कायदा फार मोठ्या प्रमाणावर पाळलेला मी एकदा चंडीगढला पाहिला आहे. नेकचंद सैनी या गृहस्थांचा जन्म १९२४ सालचा. फाळणीत गाव सुटले, १९५१ मध्ये ते चंडीगढला रस्त्यांचे निरीक्षक म्हणून लागले. ल कॉर्ब्युझिएचे ते नवे शहर, काटकोनांचे आणि शिस्तीचे. शहरात व्यक्तींचे पुतळे उभारू नयेत असाही त्याचा दंडक आहे. या शहरासाठी जी जुनी गावे उठली त्यांचा मोडका संसार नेकचंद सायकलवरून वाहून नेत. बांधकामाला बंदी असलेल्या रानात, १९५७ च्या सुमारापासून ते नोकरीच्या वेळेबाहेर गुपचूप आपले राज्य वसवत राहिले. ते उघडकीला आले तेव्हा कायद्याने पाडायला हवे होते. सरकारला सुबुद्धी झाली आणि १९७६ मध्ये ही बाग लोकांना खुली झाली. नेकचंदांना तिथेच पगार आणि हाताखाली मजूर मिळाले. २०१५ मध्ये ते वारले, तोवर बाग सुमारे ४० एकरांवर पसरली होती.

या बागेची स्तुती पुष्कळांनी केली आहे. पण नीट पाहिले तर एक गोष्ट कबूल करावी लागते. तिथला कोणताही एक पुतळा उचलून वेगळा ठेवला, तर तो फार मोठे शिल्प ठरणार नाही. चेहरे जवळजवळ एकसारखे, हात आखडलेले. पण असे शेकडो पुतळे फुटक्या बांगड्यांचे कपडे घालून ओळीने उभे राहतात तेव्हा आपण दबकतो. जत्रेला निघालेले किंवा कुठून तरी उठवलेले एक अख्खे गाव आपल्याकडे पाहत आहे असे वाटते. वाटा अरुंद, दारे इतकी ठेंगणी की वाकल्यावाचून पुढे जाता येत नाही. हे वाकणेसुद्धा शिल्पाचाच भाग आहे. उलट पुढे जिथे मोठाल्या कमानी आणि त्यांना टांगलेले झोके येतात तिथे जागा ऐसपैस होते, लोकांची मौजही होते. पण मला तरी तो दबका स्वर हरवलेला वाटला. जे चोरून, एकट्याने, हाताला येईल त्यातून केले त्यात जी निकड होती ती मजूर आणि मंजुरी मिळाल्यावर थोडी सैलावली.

जवळचे उदाहरण हवे तर कोल्हापूरजवळचा कणेरी मठ घ्या. तिथल्या सिद्धगिरी संग्रहालयात बारा बलुतेदारांसह जुने गाव सिमेंटच्या पुतळ्यांत उभे केले आहे. कुंभार, लोहार, न्हावी. हातावरच्या शिरासुद्धा दिसतात. मुलांना पेव म्हणजे काय, मोट म्हणजे काय हे दाखवायचे तर ही जागा मोलाची आहे. पण तिथे आपण “अगदी खरा वाटतो!” म्हणतो आणि पुढे सरकतो. नेकचंदांच्या बांगड्यांच्या बाईला कोणी ‘खरी’ म्हणणार नाही. पण ती रात्री आठवते. नक्कल आणि कल्पना यांतले अंतर ते हेच.

आता लाल टोपीचा बुटका. काकांच्या अंगणात तोही होता. कोणीतरी वास्तुशांतीला भेट दिलेला. हा प्राणी मूळचा आपला नव्हे. इंग्लंडमध्ये लॅम्पोर्ट हॉल या वाड्याचे धनी सर चार्ल्स आयशम यांनी १८४७ पासून बागेत एक दगडी डोंगर रचायला घेतला आणि त्यावर जर्मनीहून आणलेले भाजक्या मातीचे बुटके मांडले. म्हणजे थोराने घातलेला किल्लाच तो! त्यांपैकी एकच बुटका आज उरला आहे आणि तो मोठ्या मानाने जपला जातो. पुढे हे बुटके साच्यातून स्वस्तात निघू लागले, साध्या माणसांच्या परसात गेले आणि लगेच हीन ठरले. लंडनच्या चेल्सी पुष्पप्रदर्शनात त्यांना बंदी होती. २०१३ मध्ये, प्रदर्शनाच्या शंभराव्या वर्षी, ती एका सालापुरती उठवली. सरदाराच्या बागेत होता तोवर तो गमतीचा आणि कारकुनाच्या बागेत आला की ओंगळ! आपण ज्याला अभिरुची म्हणतो तिच्यात निम्मा भाग, ‘ते आपल्यापेक्षा कमी लोकांकडे असते,’ हा असतो. हे मला पटले, लाजही वाटली. तरीसुद्धा बुटक्यावर मी फुली मारली, कारण काकांच्या अंगणाचा कायदा त्याला ठाऊक नव्हता. तो कोणत्याही अंगणात तसाच हसला असता.

त्याच न्यायाने शेवटची फुली मी हंसावर मारली. सिमेंटचा, साच्यातला, पाठीत कुंडीसाठी खड्डा असलेला पांढरा हंस. मान जाड, चोच बदकाची, डोळे रंगवणाऱ्याच्या घाईने वर-खाली झालेले. कोपऱ्यात उभा, रिकामा. मी फुली मारून हात झटकले, तेव्हा काका पहिल्यांदा बोलले.

“तो मी केलेला नाही गं.”

“म्हणूनच काका.”

“तुझ्या काकूनं घेतलेला. महाबळेश्वरहून येताना रस्त्यावर. मी म्हणालो, कशाला हे ध्यान? तर म्हणाली, तुम्ही एवढी पाखरं-जनावरं करता, मी एक तरी आणू नको का? एस. टी.त मांडीवर घेऊन आली. घाटात मांड्या चेचून निघाल्या, पण खाली ठेवू दिला नाही.”

काकू जाऊन आता सहा वर्षे झाली. ती असताना हंसाच्या पाठीत ओवा लावलेला असे, हे मला तेव्हा आठवले.

माझ्या साऱ्या कसोट्या ओसरीवर अशा पालथ्या पडल्या. हाताने केलेले चांगले आणि विकत घेतलेले वाईट, एवढ्यावर मी निकाल दिला होता. विकत घेण्यातही एखाद्याचा हात असू शकतो, हे मी धरलेच नव्हते. घरात सगळे घडवणारा एकच असेल, तर दुसऱ्याला आपली खूण ठेवायला दुकानाखेरीज जागा कुठे असते?

मग फुली पुसली का? पुसली. पण या ठिकाणी एक मोह होतो, तो टाळला पाहिजे. डोळ्यांत पाणी आले म्हणून हंस सुंदर आहे असे मी म्हणू लागले, तर ती काकूचीही फसवणूक होईल. तो कुरूप होता आणि कुरूपच आहे. काकूलाही ते कळत असावे. ती त्याला ‘आमचं ध्यान’च म्हणे. शिल्प म्हणून त्याचे मोल शून्य, आठवण म्हणून अमोल. हे दोन हिशेब वेगळ्या वह्यांत लिहायचे असतात. आपण एक तर मायेपोटी वाईटाला चांगले म्हणतो, नाही तर वाईट म्हटल्यावर ते उचलून फेकले पाहिजे असे समजतो. माझ्या लेखनाच्या धंद्यात ही दुसरी चूक जास्त होते. पाणी वेगळे आणि दूध वेगळे काढणे ही हंसाची ख्याती. ती त्या वाकड्या चोचीच्या सिमेंटच्या हंसाने मला शिकवावी, याची मला मौज वाटते.

अंगणाला फरशी झाली, पण अर्ध्याच. एक मोटार बाहेर रस्त्यावर उभी राहते. धाकटा चुलतभाऊ त्यावरून अजून मला बोलतो. बुटका शेजारच्या मुलांनी मागून नेला.

त्या दिवाळीत नातवंडांनी उरलेल्या मातीत किल्ला केला. पायथ्याला खंदक खणला, त्यात पाणी सोडले आणि ओढत-ढकलत नेऊन तो हंस खंदकाच्या काठी बसवला. तो गडाएवढा दिसत होता. वाहतूक पोलिसाचे तोंड मुलांनी त्याच्याकडे केले होते आणि हात आडवा.

काकांनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “वाघ कुठाय रे?”