ओळींचा पंचनामा

3 मे 2024 रोजी रॅपर केंड्रिक लमारने आपला प्रतिस्पर्धी रॅपर ड्रेक याच्यावर ‘मीट द ग्रॅहम्स’ हे गाणं सोडलं. गाण्याची रचना पत्रांची आहे. पहिलं पत्र ड्रेकच्या लहान मुलाला, दुसरं आईवडिलांना, तिसरं एका मुलीला, जिला ड्रेकने जगापासून लपवून ठेवलं आहे असा लमारचा दावा, आणि शेवटचं खुद्द ड्रेकला. संगीतकार द अल्केमिस्टने खाली पियानोचे मोजके सूर फिरते ठेवले आहेत आणि लमारचा आवाज कुठेही चढत नाही. शत्रूच्या घरात शिरायचं, प्रत्येकाशी अदबीने बोलायचं, आणि त्या अदबीनेच घराचा मालक उघडा पाडायचा. कलगी-तुऱ्याची परंपरा असलेल्या भाषेत वाढलेल्या माणसाला या डावाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. गेल्या दहा वर्षांत रॅपमध्ये इतक्या धिटाईने बांधलेलं दुसरं गाणं मला चटकन आठवत नाही.

आणि चाहते काय करत बसले? ती मुलगी खरोखर आहे का, याचा शोध. ड्रेकने दोन दिवसांत उत्तराचं गाणं काढलं आणि अशी मुलगी नाहीच, ती माहिती आम्हीच पेरली होती, असं सांगितलं; मग शोध आणखी पेटला. जुने फोटो, तारखा, कोण कुठल्या गावी कधी होतं. पत्रांचा क्रम असाच का, शेवटच्या पत्रात सूर कुठे बदलतो, याचं कोणाला काही पडलेलं नव्हतं.

2025च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने लमारच्या ‘नॉट लाइक अस’ या गाण्यावरून ड्रेकने युनिव्हर्सल या रेकॉर्ड कंपनीविरुद्ध लावलेला अब्रुनुकसानीचा दावा फेटाळला. दोन रॅपरांच्या अशा जुगलबंदीतली वाक्यं सुजाण श्रोता पडताळलेली माहिती म्हणून ऐकत नाही, असा निकालाचा मथितार्थ होता. म्हणजे वक्रोक्ती, अतिशयोक्ती, सोंग या गोष्टी न्यायालयाला कळल्या. रॅपवर जीव टाकणाऱ्यांना त्या कळत नाहीत, याचा मला राग आहे.

या रागाचं कारण जुनं आहे. रॅपरने स्वतःच लिहिलं पाहिजे आणि जगला तेच लिहिलं पाहिजे, ही दोन कलमं चाहत्यांनी कायद्यासारखी धरून ठेवली आहेत. 2015मध्ये रॅपर मीक मिलने ड्रेकवर क्वेंटिन मिलरकडून ओळी लिहून घेतल्याचा आरोप केला, तेव्हापासून पहिलं कलम रोज वाचलं जातं. पण या कलेचा जन्मच बघा. 1979च्या ‘रॅपर्स डिलाइट’ने रॅप अमेरिकेच्या घराघरात नेला. त्यात बिग बँक हँकने ग्रँडमास्टर कॅझ या दुसऱ्या रॅपरच्या वहीतल्या ओळी म्हटल्या, आणि इतक्या जशाच्या तशा की कॅझच्या टोपणनावाची अक्षरंसुद्धा त्याने स्वतःची असल्यासारखी म्हटली. कॅझला ना श्रेय मिळालं ना पैसा. ती चोरी होती आणि तिच्यावरचा संताप रास्तच आहे. मात्र 1987मध्ये ‘बॉइज-एन-द-हूड’ आइस क्यूबने लिहिलं आणि इझी-ईने म्हटलं. 1999मध्ये ‘स्टिल डी.आर.ई.’ जे-झीने लिहिलं आणि डॉ. ड्रेने म्हटलं. या गाण्यांना कोणी खोटं म्हणत नाही, कारण लिहिणाऱ्याने म्हणणाऱ्याचा आवाज कानात ठेवून लिहिलं आणि म्हणणाऱ्याने ते आपलं करून म्हटलं. चोरी झाली का, आणि ओळ त्या तोंडात बसली का, हे दोन प्रश्न विचारा. तिसऱ्याची गरज नाही.

दुसऱ्या कलमाची अवस्था आणखी वाईट. टुपॅक शकूरला सच्चेपणाचा देव मानतात. तो बाल्टिमोरच्या कलाशाळेत नाटक, कविता आणि बॅले शिकलेला मुलगा होता. ते शिक्षण त्याच्या गाण्यात ऐकू येतं आणि म्हणूनच ती गाणी टिकली. अमली पदार्थांच्या साम्राज्याची गाणी गाणारा रिक रॉस पूर्वी तुरुंगात अधिकारी होता, हे 2008मध्ये फोटोसकट बाहेर आलं. चाहत्यांच्या कायद्याप्रमाणे तो त्या आठवड्यातच संपायला हवा होता. तो संपला नाही. त्या भारदस्त, घोगऱ्या आवाजात ऐश्वर्याचं जे चित्र उभं राहत होतं ते उभंच राहिलं.

चाहत्यांची दुसरी फळी हिशेबनिसांची. 2014मध्ये मॅट डॅनियल्सने रॅपरांच्या पहिल्या 35,000 शब्दांत वेगवेगळे शब्द किती, याची मोजदाद मांडली. एसॉप रॉक सर्वांत वर आला, शेक्सपिअरच्याही वर. मोजदाद रंजक होती, पण तेव्हापासून प्रतिभेच्या वादात तोच तक्ता पुढे केला जातो. त्याच तक्त्यात डीएमएक्स तळाशी होता, आणि मोजक्या शब्दांवर घशातली गुरगुर आणि प्रार्थना यांचं ओझं टाकून त्याने जे केलं ते वरच्या फळीतल्या अर्ध्या लोकांना जमलेलं नाही. वेगाच्या भक्तांबद्दल एवढंच म्हणतो की ‘रॅप गॉड’नंतरचा एमिनेमचा सुसाट मारा मला ऐकवत नाही. प्लेबॉय कार्टी आणि त्याच्या वाटेवरची पोरं आवाजाचे प्रयोग करतात. लेखनाच्या चर्चेत त्यांचं काम नाही.

ज्याच्यासाठी हा लेख लिहायला बसलो तो माणूस वेगळा आहे. ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिल वस्तीत वाढलेला केसीम रायन, ‘का’ या नावाने रॅप करणारा. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात तो कॅप्टन होता. 12 ऑक्टोबर 2024 रोजी, 52व्या वर्षी तो गेला. कंपनी नाही, जाहिरात नाही. अल्बम स्वतः काढायचा, व्हिडिओ स्वतः दिग्दर्शित करायचा, आणि रेकॉर्ड न्यूयॉर्कच्या फुटपाथवर उभं राहून स्वतःच्या हाताने विकायच्या.

त्याच्या गाण्यात ढोल जवळजवळ नसतोच. रॉक मार्सियानोने ‘मार्कबर्ग’ (2010) आणि ‘रीलोडेड’ (2012)मध्ये ठेका मागे सारत ही वाट पाडली होती. रायन ती शेवटपर्यंत चालला. ठेका गेला की काय होतं, हे समजायचं तर शाहिराच्या हातून डफ काढून घ्यावा आणि पोवाडा म्हणायला सांगावा. काळ धरून ठेवायचं सगळं काम शब्दांवर येतं. रायन ते जवळजवळ कुजबुजत करतो. त्याचं यमक कडव्याच्या टोकाला येऊन टाळी मागत नाही. ते ओळीच्या पोटात, श्वास घेण्याच्या जागेवर येतं, आणि मागच्या ओळीतल्या शब्दाला हात लावून पुढे जातं. श्लेष इतका दाटीने की पहिल्यांदा ऐकताना एक अर्थ हाती लागतो आणि तिसऱ्या वेळी त्याच अक्षरांतून दुसरंच वाक्य ऐकू येतं.

आता त्याचं आयुष्य आणि त्याचं लेखन शेजारी ठेवा. ब्राउन्सव्हिलमधल्या बालपणातली गरिबी, बंदुका, गेलेले मित्र, हा त्याचा मुख्य विषय. तो त्याने सरळ क्वचितच सांगितला. ‘द नाइट्स गँबिट’मध्ये (2013) बुद्धिबळाचा पट आला, ‘ऑनर किल्ड द सामुराई’मध्ये (2016) जपानी योद्ध्यांची संहिता, ‘ऑर्फियस व्हर्सेस द सायरन्स’मध्ये (2018) ग्रीक पुराणं, ‘डिसेंडंट्स ऑफ केन’मध्ये (2020) भावाने भावाचा केलेला बायबलमधला पहिला खून. ‘द थीफ नेक्स्ट टू जीझस’ (2024) हा शेवटचा अल्बम तर जुन्या गॉस्पेलचे तुकडे वापरून काळ्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेलाच जाब विचारतो. सामुराई ब्राउन्सव्हिलमध्ये कधी राहत नव्हते. तरी त्या वस्तीचं याहून खरं चित्र दुसऱ्या कोणी काढलेलं मी ऐकलेलं नाही. आडपडद्यामुळेच ते खरं झालं: थेट सांगितलं असतं तर ती एक बातमी झाली असती, आणि अशा बातम्या अमेरिकेने इतक्या वाचल्या आहेत की तिला काही वाटेनासं झालं आहे.

बिली वुड्स याच घराण्यातला. तो फोटोत चेहरा दाखवत नाही. त्याचा ‘मॅप्स’ (2023) हा केनी सीगलबरोबरचा अल्बम कार्यक्रमांच्या दौऱ्यावर आहे: विमानतळ, हॉटेलच्या खोल्या, परक्या गावातलं जेवण. शेवटी तो घरी परततो आणि खेळाच्या मैदानावर आपल्या छोट्या मुलाकडे बघत उभा राहतो. ज्याचा चेहरा मला ठाऊक नाही त्या बापाची धास्ती मला आतपर्यंत कळते. ज्यांचे चेहरे, घरं, गाड्या आणि न्याहारी आपण रोज बघतो त्यांच्यापैकी कितीजण इतके जवळ येतात? या दोघांच्या आधी मुखवटा घालून एमएफ डूम उभा होता. तो कार्यक्रमाला कधी कधी मुखवटा घातलेला भलताच माणूस पाठवायचा. तिकीट काढलेल्यांचा राग समजतो, पण ‘मॅडव्हिलनी’ (2004) ऐकताना मुखवट्यामागे कोण, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

‘मागे कोण’ हा प्रश्न मुखवटा नसलेल्यांनाही विचारला जातो. 2025मध्ये डोईची या रॅपरला सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचं ग्रॅमी मिळालं. हे मिळालेली ती तिसरीच बाई. आधी फ्यूजीजमधून लॉरिन हिल आणि नंतर कार्डी बी. लगेच आरोप आला की ही कंपनीने पेरलेली बाहुली आहे. ‘डिनायल इज अ रिव्हर’मध्ये ती स्वतःशीच संवाद करते, प्रश्न विचारणारी एक आणि थापा मारत टाळणारी दुसरी, आणि दोन्ही आवाज एकाच श्वासात सांभाळते. ही नाटकाची कमाई आहे. पुरुषाने असं केलं की कसब म्हणतात; बाईने केलं की मागे कोण आहे, असं विचारतात.

माझ्या या साऱ्या तक्रारीवर एक उत्तर मला हमखास ऐकवलं जातं, आणि ते हलकं नाही. सच्चेपणाचा आग्रह काळ्या वस्त्यांनी स्वसंरक्षणासाठी धरला. ब्लूज आणि रॉक हातून गेलं, दुसऱ्यांनी त्यावर माड्या बांधल्या; 1990मध्ये व्हॅनिला आइस आला तेव्हा रॅपचंही तेच होणार असं वाटलं. त्या भीतीपोटी ‘तू कुठला?’ हा प्रश्न आला. मान्य. पण तो प्रश्न मालकीचा होता, कोण कमावतो याचा होता. आज तो विचारणारे बहुसंख्य श्रोते त्या वस्तीत पाऊल ठेवणार नाहीत. त्यांना हवी आहे खात्री, की गाण्यातलं रक्त खरं आहे. मरण खरं निघालं की गाणं चढतं. याला रसिकता म्हणायला मी तयार नाही.

आणि या भुकेचा उपयोग कोणी केला, ते बघा. मे 2022मध्ये अटलांटात यंग थग या रॅपरवर टोळी चालवल्याचा खटला भरला गेला. 2023च्या नोव्हेंबरमध्ये न्यायाधीशांनी गाण्यांमधले 17 उतारे सशर्त पुरावा म्हणून मांडायला सरकारी वकिलांना मुभा दिली. न्यूयॉर्कमध्ये अब्जावधींच्या एका कंपनीला जे संरक्षण मिळालं ते अटलांटात तुरुंगात बसलेल्या माणसाला मिळालं नाही. तो ऑक्टोबर 2024मध्ये गुन्हा कबूल करून सुटला, 15 वर्षं नजरेखाली राहण्याच्या अटीवर. सरकारी वकिलांचा युक्तिवाद वेगळा कुठे होता? रॅपर जगतो तेच गातो, हेच ते म्हणत होते. चाहत्यांनी हे वाक्य त्यांना चाळीस वर्षं घोकून तयार करून दिलं होतं. कॅलिफोर्नियाने 2022मध्ये कायदा करून गाणी पुरावा म्हणून वापरण्यावर बंधनं घातली. चाहत्यांच्या बोलण्यात मात्र काही फरक पडला नाही. खुद्द रायनलाही ओळींचा असा पंचनामा चुकला नव्हता. 2016मध्ये न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राने अग्निशमन दलातल्या कॅप्टनची गाणी पोलीसविरोधी असल्याची बातमी छापली. सामुराईच्या संहितेतून बोलणाऱ्या माणसाच्या ओळी कापून, नोकरीच्या हुद्द्याशेजारी ठेवून.

हे आपल्यापासून लांब आहे असं समजू नका. एप्रिल 2023मध्ये महाराष्ट्रात दोन मराठी रॅपरांवर त्यांच्या राजकीय गाण्यांसाठी गुन्हे दाखल झाले. तरीही आपल्याकडे मराठी रॅपवर वाद होतो तो कोण झोपडपट्टीत वाढला आणि कोण फ्लॅटमध्ये, यावर. अमरावतीचा सौरभ, म्हणजे 100 आरबीएच, वऱ्हाडीला जो खडा ताल देतो त्याबद्दल बोला. स्वदेसी या रॅपर-गटाच्या ‘द वारली रिव्होल्ट’मध्ये (2019) आरेतल्या आदिवासी प्रकाश भोईरांचा आवाज आणि मुंबईच्या रॅपरांचा आवाज एकमेकांना कुठे भेटतात, ते ऐका. त्या पोरांकडे आदिवासी असल्याचा दाखला मागायचा आहे का? सोलापूरच्या शाहीर राम जोश्याने बाईच्या तोंडून लावण्या लिहिल्या. त्याच्याकडे कोणी पुरावा मागितला नाही आणि त्या लावण्या अजून उभ्या आहेत.

मग रॅपमध्ये खोटं काहीच नसतं, असं माझं म्हणणं आहे का? मुळीच नाही. 19 एप्रिल 2024 रोजी, लमारशी चाललेल्या त्याच भांडणात, ड्रेकने ‘टेलर मेड फ्रीस्टाइल’ काढलं. त्यात 1996मध्ये मारल्या गेलेल्या टुपॅकचा आवाज यंत्राकडून बनवून घेतला होता, आणि त्या आवाजाच्या तोंडी टुपॅकने कधी न लिहिलेल्या, न म्हटलेल्या ओळी घातल्या होत्या, लमारला डिवचण्यासाठी. टुपॅकच्या वारसांनी वकिलाची नोटीस पाठवली तेव्हा आठवड्याभरात गाणं काढून घेतलं गेलं. कॅझची वही चोरली गेली होती. इथे मेलेल्या माणसाचा गळा चोरला गेला. मुलगी आहे का, ओळी कोणी लिहिल्या, कोण कुठल्या गल्लीतला, यावर रात्री जागवणाऱ्या चाहत्यांनी या गाण्याचं काय केलं? डाव चांगला होता की फसला, याचे गुण दिले आणि ते पुढच्या गाण्याकडे वळले.