लोगॉस कॉलेजचा हंगाम

डॉन डिलिलो यांची 'एन्ड झोन' ही कादंबरी १९७२ साली प्रसिद्ध झाली. पश्चिम टेक्ससच्या वैराण मुलखातले लोगॉस नावाचे कल्पित कॉलेज, त्याच्या फुटबॉल संघाचा एक हंगाम आणि अणुयुद्धाच्या वाचनाने पछाडलेला गॅरी हार्कनेस हा खेळाडू-निवेदक, एवढा तिचा ऐवज. फुटबॉल म्हणजे इथे अर्थातच अमेरिकन फुटबॉल. पायाचे काम कमी, हातांचे आणि खांद्यांचे जास्त. एकीकडे अंगावर अंग आदळणारा खेळ आणि दुसरीकडे अणुबॉम्ब असल्यावर समीक्षकाला समीकरण आयतेच मिळते: फुटबॉल हे युद्धाचे रूपक. गंमत अशी की कादंबरीतलाच झापालॅक नावाचा एक प्राध्यापक हे समीकरण धुडकावून लावतो. खरे युद्ध हाताशी असताना त्याची नक्कल हवी कुणाला, असा त्याचा सूर आहे. मला तो बरोबर वाटतो. ही कादंबरी खेळ आणि युद्ध यांच्या साम्याची नसून, दोन्हीकडे शब्दांचे काय होते याची आहे.

हे मला पुस्तकातून आधी कळले नाही. पहिल्या वाचनात मधला सामना मी चक्क गाळला होता. पुढे टेक्ससमध्ये राहणाऱ्या भाच्याकडे गेलो असताना एका शनिवारी त्याने जेवणाच्या टेबलावर वाट्या-चमचे मांडून हा खेळ समजावला. अकरा विरुद्ध अकरा, शंभर यार्डांचे मैदान, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही जमले तर चेंडू दुसऱ्यांकडे. मग म्हणाला, "मामा, पळतात तेव्हा नका बघू, थांबतात तेव्हा बघा." चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो काही सेकंद. उरलेला वेळ खेळाडू कोंडाळे करून उभे असतात आणि क्वार्टरबॅक पुढच्या चालीचे नाव सांगत असतो: रंग, आकडे, दिशा यांचे सांकेतिक वाक्य. ते वाक्य अकरा जणांना एकसारखे कळले पाहिजे.

क्रिकेटमध्ये आधी चेंडू पडतो, मग समालोचक बोलतो. कबड्डीत चढाई करणारा अखंड एकच शब्द घोकत असतो, पण त्या शब्दाचा अर्थाशी संबंध नाही. तो दम टिकल्याचा पुरावा. या खेळात मात्र प्रत्येक कृतीच्या आधी एक वाक्य असते आणि पाच सेकंदांच्या आत ते कुणाच्या तरी खांद्यावर, बरगडीवर खरे किंवा खोटे ठरते. लोगॉस म्हणजे ग्रीक भाषेत शब्द. डिलिलो यांनी या कॉलेजचा संस्थापक मुका दाखवला आहे, हा विनोद जरा ढोबळ आहे. पण नाव उगाच ठेवलेले नाही.

कादंबरीचा दुसरा भाग म्हणजे वेस्ट सेंट्रेक्स बायोटेक्निकल या संघाविरुद्धचा एकच सामना. त्याच्या तोंडाशी लेखक चक्क कथेबाहेर येऊन वाचकाशी बोलतो आणि मग पानामागून पान चालींची नावे, मिळालेले यार्ड, शिव्या, धापा, जखमा. हा सामना लोगॉस हरते, पण तिथे उत्कंठा नाहीच. खेळ न जाणणाऱ्याने ही पाने गाळावीत, असे वाटणे साहजिक आहे. मी गाळली होती. आता उलट वाटते. ज्याला एकही संज्ञा कळत नाही, त्यालाच या भाषेचे स्वरूप जास्त स्वच्छ दिसते. जाणकार माणूस शब्दाच्या आरपार पाहून थेट मैदान बघतो. आपण शब्दापाशीच अडतो, आणि लेखकाला आपण तिथेच अडायला हवे आहोत.

याच्यासमोर मेजर स्टेली यांचा वर्ग ठेवला की फरक उघड होतो. आधुनिक युद्धावरच्या त्या वर्गातही संज्ञा आहेत, आकडे आहेत, चाली आहेत. गॅरीला त्या शब्दांची चटक लागते. शहरे बेचिराख होण्याची वर्णने वाचताना आपल्याला सुख होते, हे जाणवून तो हादरतो. एका मोटेलच्या खोलीत दोघे कागदावर अणुयुद्ध खेळतात. मोजक्या पायऱ्यांत जग संपते, आणि तेवढ्यात टेलिफोन वाजतो. तो का वाजतो हे महत्त्वाचे नाही. त्या खोलीत बाहेरचा एकच आवाज शिरतो, आणि दचकवायला तेवढा पुरतो. या भाषेचा दोष तिच्या क्रौर्यात नाही. तिच्या शब्दाखाली शरीर कधी येतच नाही, म्हणून ती चुकीची असल्याचे बोलणाऱ्याला कधी कळत नाही. मैदानावरचा शब्द निदान कुणालातरी लागतो.

कधी जिवालाही लागतो. गॅरी लोगॉसला येण्याआधी बऱ्याच विद्यापीठांतून बाहेर पडलेला आहे. त्यांतल्या मिशिगन स्टेटमध्ये असताना तो आणि आणखी दोघे प्रतिस्पर्ध्यावर एकाच वेळी तुटून पडले होते, आणि तो इंडियानाचा मुलगा मेला. त्यानंतर गॅरी कित्येक आठवडे खोलीबाहेर पडला नाही. एवढा प्रसंग डिलिलो थोडक्या ओळींत उरकतात. ही चूक की संयम, यावर माझे मत अनेकदा बदलले आहे.

ते मत आज जिथे आहे तिथे मला इतिहासाने आणले. १९०५ च्या हंगामात शाळा-कॉलेजांच्या फुटबॉलमध्ये किमान १८ मुले दगावली. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्या ऑक्टोबरात हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावले. डिसेंबरपर्यंत कॉलेजांच्या बैठका झाल्या, त्यांतून आज एनसीएए म्हणून ओळखली जाणारी संघटना उभी राहिली आणि १९०६ पासून चेंडू पुढे फेकण्याला परवानगी मिळाली. घोळक्याने घुसण्याऐवजी मैदान मोकळे व्हावे, हा हेतू. आज जी फेक बघून प्रेक्षक उभे राहतात, ती मूळची मृत्यूवरचा उपाय आहे. खेळ बंद करायचा नाही, नियम बदलायचा, हा तोडगा.

आता कादंबरीतला बर्फातला खेळ पाहा. हंगाम जवळपास सरला आहे, मुले आपल्यापुरती बर्फात खेळू लागतात आणि एकेक नियम रद्द करत जातात. हातमोजे जातात. फेकही बाद होते. उरते ते जमिनीलगत, अंगावर अंग. म्हणजे १९०६ च्या आधीचाच खेळ. मृत्यूच्या भीतीने खेळात जे आणले गेले, ते मुले आनंदाने काढून टाकतात. डिलिलो यांच्या मनात हा इतिहास होता, असा माझा दावा नाही. पण इंडियानाच्या मुलावर त्या मोजक्या ओळींत जे बोललेले नाही, ते मला या पानांत सापडते. पुस्तकातली ही सर्वांत सुखी पाने आहेत, आणि म्हणूनच ती वाचताना अस्वस्थ व्हायला होते.

कादंबरीत उणे बरेच आहे. सामन्यानंतरचा तिसरा भाग रेंगाळतो. मायना कॉर्बेट ही गॅरीची मैत्रीण बराच काळ तिच्या वजनासाठीच पुस्तकात असल्यासारखी वाटते. ती बारीक होऊन परतते तेव्हा लेखकाला तिचे काय करावे हे सुचत नाही. प्रशिक्षक एमेट क्रीड मनोऱ्यावरून संघाकडे पाहत असतो. ती प्रतिमा दर वेळी परिणाम करते, पण माणूस म्हणून तो फारसा हाती लागत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न टॅफ्ट रॉबिन्सनचा आहे. कादंबरीचे पहिलेच वाक्य त्याच्याबद्दल आहे: लोगॉसमधला तो पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी, आणला गेला तो त्याच्या वेगासाठी. ही कल्पना हवेतून आलेली नाही. टेक्सस विद्यापीठाचा १९६९ चा राष्ट्रीय विजेता संघ संपूर्ण गोरा होता. १९७० च्या सप्टेंबरात दक्षिण कॅलिफोर्नियाच्या संघाने बर्मिंगहॅमला जाऊन अलाबामाच्या गोऱ्या संघाला ४२-२१ असे हरवले, ते सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय खेळाडूच्या धावांच्या जोरावर. दोनच वर्षांनी ही कादंबरी आली. गॅरी आरंभीच राल्फ एलिसन यांच्या 'इन्व्हिजिबल मॅन'कडे डोळा मारून जवळपास कबूल करतो की टॅफ्ट या पुस्तकावर सावलीसारखा असेल, आत फारसा नसेल. कबुली दिली म्हणून उणीव भरून निघत नाही. संघ ज्याच्या वेगावर सामने जिंकतो, तो कोंडाळ्यात काय ऐकत होता, हे शंभर-दीडशे पाने आपल्याला कळत नाही.

शेवटी कळते. गॅरी त्याच्या खोलीत जातो. खोली जवळपास रिकामी. टॅफ्टने तीत जे काही राहू दिले आहे, ते मुद्दाम मोजूनमापून. डोके भादरलेला, गडद चष्मा लावलेला टॅफ्ट शांतपणे सांगतो की आपण फुटबॉल सोडले. आणि हेही सांगतो की आपल्याला नाझी छळछावण्यांतल्या भट्ट्यांबद्दल वाचायला आवडते. गॅरी हंगामभर जे एकट्याचे पाप समजत होता, ते दुसऱ्याकडेही आहे. पण ज्याने ते बोलून दाखवले, तो खेळातून उठून गेला आहे. गॅरीपाशी यावर उत्तर नाही. तो अन्न-पाणी सोडतो, तापाने फणफणतो, आणि पुस्तकाच्या अखेरीस नळ्यांमधून त्याच्या अंगात अन्न सोडले जात असते.