जत्रेतील अंधार आणि पाहण्याचा अधिकार

जत्रेतील गर्दी हा आधुनिक दृश्यकलेचा आवडता विषय आहे. अमेरिकन चित्रकार रेजिनाल्ड मार्शच्या १९३०च्या दशकातील मुद्राचित्रांत न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडची गर्दी स्वतःच देखावा बनते. महाराष्ट्रातील जत्रांत तंबूतला सिनेमा पाहणाऱ्यांची अमित मधेशिया यांची छायाचित्रमालिका (वर्ल्ड प्रेस फोटो पुरस्कार, २०११) हाच विषय रात्रीच्या काळोखात नेते. तिच्यातील लक्षणीय चित्रांत पडदा चौकटीबाहेर राहतो, काळोखातून उजळतात ते केवळ चेहरे.

या चेहऱ्यांत 'ग्रामीण निरागसता' वाचण्याचा मोह आस्वादकाला होतो. तो टाळला पाहिजे. तंबूतला माणूस तिकीट काढून, निवड करून आलेला असतो. आष्टी तालुक्यातील सावरगावला मच्छिंद्रनाथांच्या यात्रेस जाणाऱ्यालाही दर्शन आणि करमणूक यांतला भेद नेमका ठाऊक असतो. दर्शनात भक्त देवाला पाहतो, तसा देवही भक्ताला पाहतो. ती परस्परदृष्टी आहे. छायाचित्रात मात्र आपण पाहतो आणि पाहिला जाणारा अनभिज्ञ राहतो. या मालिकेचे सौंदर्य या विषमतेवर उभे आहे, हे नाकारता येत नाही.

शर्ली अब्राहम व मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' (२०१६) या माहितीपटात तंबूवाले आणि प्रक्षेपकाचा कारागीर स्वतः बोलू लागतात. तेथे विषमता संपत नाही, पण निदान उघड होते. जत्रेच्या चित्राचे मूल्यमापन करताना त्यातील उजेडाबरोबरच तो कोणाच्या अंधारावर पडला, हेही विचारावे लागेल.