खोल स्थानकातलं ऊन

शिरूरचा माणूस नगर रस्त्याने येतो आणि रामवाडीला मेट्रो धरतो. दौंडकर रेल्वेने पुणे स्टेशनात उतरतो आणि तिथून मेट्रोत चढतो. दोघांचा मार्ग आता एकच, आणि पिशवीतला ऐवजही बहुधा सारखाच: सातबारा, नोटीस, वकिलाचा नंबर. उतरायचं जिल्हा न्यायालय स्थानकात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इथे आधी ती उतरावी लागते, कारण वनाज–रामवाडीची गाडी येते पुलावरून.

पण हे स्थानक खरं उलगडतं ते कोर्टाकडे न वळता आणखी खाली गेलं तर. पिंपरी-चिंचवड–स्वारगेट मार्ग इथे जमिनीच्या पोटात आहे आणि स्थानकाची खोली 33.1 मीटर. एक सरकता जिना संपतो तोच दुसरा सुरू होतो. रस्त्याचा गोंगाट वर राहतो, मन भुयारातल्या कोंदट अंधाराची तयारी करतं, आणि नेमकं तिथेच रचनाकार चकवतो. छत सुमारे 95 फूट उंच ठेवलंय, त्यामुळे ऊन थेट तळापर्यंत पोचतं. दुपार कललीय का, आभाळ भरून आलंय का, हे फलाटावर उभं राहून कळतं. तारखेला वेळेवर पोचायची धास्ती असलेल्याला तर हे फारच बरं!

रांजणगावच्या महागणपतीवर सूर्यकिरण पडावेत अशी मंदिराची दिशा साधलीय, हे शिरूरकराला सांगावं लागत नाही. तिथे ऊन पूर्वेकडून आडवं येतं, इथे माथ्यावरून उतरतं. तिथे ते मूर्तीसाठी, इथे गाडीची वाट बघत उभ्या असलेल्या कुणाहीसाठी. मला या स्थानकाचा सगळा रस या उदारपणात वाटतो. अर्थात गुडघे धरलेल्या आजोबांना लिफ्ट सापडेपर्यंत ही भव्यता काही कामाची नाही.

1 ऑगस्ट 2023ला स्थानक सुरू झालं. पुढच्या वर्षी 29 सप्टेंबरला स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग खुला झाला आणि गाडी मुठेखालून कसबा पेठ, मंडई गाठू लागली. पेठांच्या त्या दाट वस्तीखाली एवढी उघडीक मिळणार तरी कुठून? इथे शिवाजीनगरच्या धान्य गोदामाची ऐसपैस जागा हाताशी होती. या उजेडाचं थोडं श्रेय त्या गोदामालाही द्यायला हवं.