लक्षविचलित वाहनचालन आणि अपघाताचे विधिक दायित्व : एक चिकित्सा

प्रस्तावना :
वाशीम जिल्ह्यात आज दोन प्रकारचे रस्ते आहेत. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. अकोला-नांदेड मार्गावर मात्र मालवाहू ट्रक, सोयाबीनच्या ट्रॉल्या व दुचाक्या एकाच वाटेने जातात. ताशी १२० किलोमीटर वेगात चालकाची नजर तीन सेकंद भ्रमणध्वनीवर राहिली, तर वाहन तेवढ्यात १०० मीटर पुढे गेलेले असते. या तीन सेकंदांचे दायित्व कायदा कसे निश्चित करतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायदेशीर तरतुदी :
मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने वाहन चालविताना हातातील संपर्कसाधन वापरण्याचा स्पष्ट उल्लेख आला. अपघातात मृत्यू ओढवल्यास पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली कमाल दोन वर्षांची शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) ने ती पाच वर्षांपर्यंत वाढविली. नुकसानभरपाईचा मार्ग याहून स्वतंत्र असून तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जातो.

चिकित्सा :
शिक्षा वाढली, परंतु पुराव्याची रीत बदलली नाही. अपघाताच्या फिर्यादीत ‘भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे वाहन चालवून’ हे ठरावीक वाक्य येते. त्यात वेग आहे. चालकाचे लक्ष कोठे होते, याचा पत्ता नाही. केवळ ‘भरधाव’ म्हटल्याने हयगय सिद्ध होत नाही, वेग ही सापेक्ष बाब आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश (१९९८) या खटल्यात स्पष्ट केले. म्हणजे जे वाक्य सर्वत्र लिहिले जाते, तेच न्यायालयात अपुरे पडते.

मद्यपानाशी तुलना केल्यास ही उणीव अधिक स्पष्ट होते. मद्यासाठी कलम १८५ मध्ये १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा असून श्वास व रक्त तपासणीची पद्धतही कायद्याने घालून दिली आहे. मुंबईच्या कार्टर रोडवर २००६ साली सात जणांचा बळी घेणाऱ्या अपघातात चालकाचे मद्यसेवन हा महत्त्वाचा पुरावा ठरला आणि सदोष मनुष्यवधाची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली कायम केली. भ्रमणध्वनीच्या बाबतीत अशी अनिवार्य तपासणी नाही. परिणामी २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ मृत्यू झाले असता भ्रमणध्वनीच्या नावे त्यांपैकी सुमारे दोन टक्केच नोंदले गेले. हा आकडा धोक्याचे मोजमाप मानावा की तपासाच्या मर्यादेचे, हा खरा प्रश्न आहे.

पुरावा मिळवणे अशक्य नाही. कॅनडातील रेडेलमायर व टिब्शिरानी यांनी १९९७ साली चालकांच्या दूरध्वनी देयकांवरूनच अपघाताची जोखीम सुमारे चौपट असल्याचे दाखविले. हात मोकळे ठेवणारी साधनेही त्यांना अधिक सुरक्षित आढळली नाहीत. कलम १८४ मात्र ‘हातातील’ साधनापाशीच थांबते. दोष हातात नसून अवधानात आहे, ही गोष्ट विधायकाच्या नजरेतून निसटली आहे.

आणखी एक बाब मालवाहतुकीची. चालत्या वाहनात येणारा फोन मालकाचा किंवा व्यापाऱ्याचाही असू शकतो. दिवाणी दायित्व मालकावर येते व ते बहुधा विमा कंपनी भागविते. तुरुंगाची वाट मात्र एकट्या चालकालाच धरावी लागते.

निष्कर्ष :
शिक्षेची वर्षे वाढविण्यापेक्षा तपासाची पद्धत निश्चित करणे अधिक निकडीचे आहे. प्राणघातक अपघातात चालकाच्या संपर्कनोंदी तातडीने जतन व्हाव्यात. खासगीपणाच्या हक्काचा मान राखण्यासाठी ही तपासणी अपघाताच्या आगेमागे मोजक्या मिनिटांपुरतीच असावी, आणि तपासात फोन करणाऱ्याचीही दखल घेतली जावी. निर्दोष चालकालाही याच नोंदींचा आधार मिळेल. अन्यथा पाच वर्षांची तरतूद संहितेत राहील आणि फिर्यादीत तेच जुने वाक्य लिहिले जाईल.