‘भविष्य’ आणि ‘पूर्ती’ : ख्रिस्ती शास्त्रवाचनातील दोन संज्ञांचा विचार

जालना शहरानजीक बेथेल नावाची वसाहत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसविण्यात आली. १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री हे तिचे संस्थापक होत. जालना त्या वेळी निजामाच्या राज्यात होते, आणि नवख्रिस्ती कुटुंबांना हक्काचा ठाव मिळावा हा या वसाहतीचा हेतू होता. तिचे नाव ‘उत्पत्ती’च्या २८ व्या अध्यायातील आहे. घर सोडून निघालेला याकोब उशाला धोंडा घेऊन निजतो, पृथ्वीपासून स्वर्गापर्यंत टेकलेली शिडी स्वप्नात पाहतो, आणि जागा झाल्यावर त्या स्थळास ‘देवाचे घर’ अशा अर्थाचे हे नाव देतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायाअखेर येशू याच शिडीचा निर्देश स्वतःच्या संदर्भात करतो. मूळ कथेत ख्रिस्ताविषयी एक अक्षरही नाही. तरीही ख्रिस्ती वाचक तिची ‘पूर्ती’ झाली असे मानतो. ही पूर्ती कोणत्या अर्थाने, हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

मराठी वाचकाची येथे प्रथम शब्दानेच दिशाभूल होते. जुन्या मराठी अनुवादांत इस्राएलाच्या ऋषितुल्य वक्त्यांस ‘भविष्यवादी’ म्हणत. पुढे ‘संदेष्टा’ हा शब्द रूढ झाला. ‘भविष्य’ म्हटले की आपणांस पंचांग आणि ज्योतिषी आठवतात. भाकीत केले, अमुक साली ते खरे ठरले, असा तो हिशेब असतो. धर्मप्रचारकांनी व त्यांच्या प्रतिपक्षाने पुष्कळदा याच हिशेबाने वाद घातले. तथापि शुभवर्तमानकारांचा व्यवहार तपासला असता हा हिशेब जुळत नाही.

याचे निर्णायक उदाहरण मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात सापडते. बालक येशूस मिसरातून परत आणले गेले, तेव्हा होशेय संदेष्ट्याचे वचन पूर्ण झाले, असे मत्तय लिहितो. होशेयाच्या ११ व्या अध्यायातील ते वचन पाहावे. त्यात भावी घटनेचे सूचनही नाही. इस्राएल राष्ट्राची मिसराच्या दास्यातून झालेली सुटका तेथे स्मरली आहे. भूतकाळाविषयीच्या वाक्याची ‘पूर्ती’ भाकितासारखी होऊ शकत नाही. त्याच शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात नियमशास्त्रही पूर्ण करावयाचे आहे असे येशू म्हणतो. आणि नियम तर काहीच भाकीत करीत नाहीत. सबब मत्तयाच्या मनातील क्रियापदाचा अर्थ ‘खरे ठरणे’ यापेक्षा ‘भरून येणे’ याच्या अधिक जवळचा आहे. जे पूर्वी एका राष्ट्राच्या बाबतीत घडले, ते एका पुरुषाच्या चरित्रात पुन्हा आणि भरीव रूपाने घडले, असे त्याला म्हणावयाचे आहे.

यशयाच्या सातव्या अध्यायातील वादग्रस्त वचनही याच दृष्टीने वाचावे लागेल. शत्रूच्या स्वारीने भयभीत झालेल्या आहाज राजास दिलेले ते चिन्ह आहे. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ ‘तरुणी’. ग्रीक भाषांतरात तेथे ‘कुमारी’ असा शब्द आला, आणि मत्तयाने तो स्वीकारला. हा आक्षेप अर्वाचीन चिकित्सकांचा शोध नव्हे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात जस्टिनने लिहिलेल्या संवादात ट्रायफो नावाचा यहुदी तो स्पष्टपणे मांडतो. वचनाला त्याच्या काळात एक अर्थ होता हे मान्य केल्यावाचून पुढील अर्थाची चर्चा प्रामाणिक होत नाही.

मराठीत या वाचनपद्धतीचा सर्वात मोठा वाङ्मयीन आविष्कार म्हणजे फादर स्टीफन्स यांचे १६१६ साली छापले गेलेले ‘ख्रिस्तपुराण’. त्याची चर्चा बहुधा ओवी व भाषा यांपुरती होते. रचनेकडे लक्ष कमी जाते. पहिल्या पुराणात ३६ आणि दुसऱ्यात ५९ अध्याय आहेत. पहिल्याची सारी कथा येणाऱ्या तारकाच्या प्रतीक्षेकडे झुकलेली आहे. काव्य म्हणून ही एकसूत्रता प्रभावी आहे. परंतु तिची एक किंमतही आहे. जुन्या कथांना आपल्या जागी उभे राहण्यास अवसर उरत नाही. ज्यांचे ते शास्त्र मुळात आहे, त्या यहुदी समाजाचा अर्थ ऐकू येईनासा होतो.

या अडचणीतून वाट काढण्यास आपल्याच परंपरेतील एक दृष्टांत उपयोगी पडेल. नामदेवांनी शतकोटी अभंगांचा संकल्प केला आणि उरलेली संख्या पुरी करण्याची आज्ञा तुकोबांना स्वप्नात झाली, अशी वारकरी श्रद्धा आहे. नामदेवांनी तुकोबांविषयी भाकीत केले होते असे कोणी म्हणत नाही. तुकोबा आल्यानंतरच, मागे वळून पाहता, तो संकल्प अपुरा होता हे उमगते. शिवाय तुकोबांमुळे नामदेवांचे अभंग निकामी ठरत नाहीत. ते पूर्ववत् गाइले जातात. मराठीतील ‘संकल्पपूर्ती’ या शब्दात जो भाव आहे, तो मत्तयाच्या आशयास ‘भविष्य’ या शब्दापेक्षा कितीतरी जवळचा आहे. लूकच्या २४ व्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेवरील शिष्यांनाही शास्त्राचा अर्थ घटनेनंतरच कळतो.

यावर असे म्हणता येईल की, मागे वळून कोणत्याही वचनात काहीही वाचता येते. आक्षेप योग्य आहे. म्हणून दोन मर्यादा पाळणे अवश्य ठरते : वचनाचा प्रथम अर्थ पुसू नये, आणि पूर्ती हा अश्रद्धास निरुत्तर करणारा पुरावा मानू नये. ती श्रद्धावंताची ओळख आहे. पुराव्याचे ओझे तिला पेलत नाही. या मर्यादा पाळल्या तर ख्रिस्ती वाचन दुबळे होते असे नव्हे. उलट ते वादाच्या आखाड्यातून सुटते. जालन्याजवळच्या वसाहतीस बेथेल म्हणताना याकोबाचे बेथेल कोणी नाहीसे केले नाही. एका निर्वासिताच्या उशाचा धोंडा दुसऱ्या निराश्रितांच्याही उपयोगी पडला, इतकेच त्या नावाने सांगितले. ‘पूर्ती’चा अर्थ शोधणाऱ्या अभ्यासकाने आरंभ येथून करावा.